दोन दोऱ्यांचा पतंग: बडोद्याच्या हाताला काय येतं आणि काय विसरावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दांडिया बाजारात राहणाऱ्या, लहानपणापासून गच्चीवर पेच लढवलेल्या एका वाचकाने ऑनलाइन सव्वा मीटरचा, दोन दोऱ्यांचा स्टंट पतंग मागवला. तो वर जातो, डावीकडे गोल फिरतो आणि नाकावर आपटतो. व्हिडिओत दिसतात तसे ॲक्सल, फेड वगैरे प्रकार करायचेत, पण साधी सरळ रेषही निघत नाही. दुसरा पतंग घ्यावा का, कुठला घ्यावा, बडोद्यात तो कुठे आणि केव्हा उडवावा, आणि येत्या उत्तरायणाला गच्चीवरून लोकांना दाखवता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. कारण पुढे येईलच. बाकीचं सावकाश सांगतो.

आधी तो डावीकडे फिरणारा पतंग. नवा घेण्याआधी त्याची दोरी तपासा. दहापैकी आठ वेळा दोष पतंगात नसतो, दोन दोऱ्यांच्या लांबीत असतो. डावी दोरी चार बोटं आखूड असली तर तुम्ही हात कितीही सरळ धरा, पतंगाला तुम्ही डावी दोरी ओढूनच धरली आहे असं वाटतं. तो बिचारा सांगितलं तसं डावीकडे वळतो. मैदानात जाऊन दोन्ही दोऱ्यांची पतंगाकडची टोकं एकाच खुंटीला अडकवा, दोन्ही पूर्ण उलगडा आणि हाताकडचे पट्टे एकत्र धरून चांगला ताण द्या. एक पट्टा पुढे आणि एक मागे राहिला तर तेवढा फरक गाठ सरकवून काढायचा. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणाने थोडी लांबते, आणि दोन्ही सारख्याच लांबतील असं नाही. म्हणून हे एकदा करून भागत नाही. मी आजही महिन्यातून एकदा मोजतो.

देशी पतंग कन्नी खायला, म्हणजे एका बाजूला झुकायला लागला की आपण कमानीच्या दुसऱ्या टोकाला चिंधी किंवा दोऱ्याचा गुंडा बांधून मोकळे होतो. ती सवय इथे मनातून काढून टाका. एका गृहस्थांनी पंखाला सेलोटेपने दोन रुपयांचं नाणं चिकटवलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. डावी दोरी मोजली तर बोटभर नव्हे, वीतभर आखूड होती.

दोऱ्या सारख्या निघाल्या आणि तरीही पतंग फिरतोय, तर पाठीमागची मधली जोडणी बघा. दोन्ही खालच्या आडव्या दांड्या तिच्यात पूर्ण आत गेल्यात का? किन्न्याचा, म्हणजे पतंगाला दोरी जोडणाऱ्या बांधणीचा, एखादा पाय पंखाच्या टोकाला वेढा घालून बसलाय का? यापलीकडे सहसा काही नसतं.

आता मुख्य गोष्ट. बडोद्यात पेच लढवून मोठा झालेला माणूस या खेळात दोन पावलं पुढे असतो आणि एक पाऊल मागे.

आपला कागदी पतंग कसा चालतो ते आठवा. दोरी खेचली की वाऱ्याच्या दाबाने कमान मागे वाकते, पतंगाला दोन्ही बाजूंनी पन्हळीसारखा आकार येतो आणि तो नाक जिकडे असेल तिकडे सरळ सुटतो. ढील दिली की कमान सरळ होते, पतंग सपाट होतो, अस्थिर होतो आणि गिरक्या घ्यायला लागतो. नाक हवं त्या दिशेला आलं की पुन्हा खेच. म्हणजे आपण पतंगाला दिशा देतो ती ढिलीत आणि वेग देतो तो खेचीत. हे आपल्या बोटांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं, कोणी शिकवावं लागत नाही.

दोन दोऱ्यांच्या पतंगात दिशा ताणातही मिळते. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे, सायकलच्या हँडलसारखं. त्यामुळे नवा माणूस दोरी सतत ताठ ठेवतो, आणि ताठ दोरीवर पतंग नुसता गोल, चौकोन, इंग्रजी आठ काढत राहतो. तुम्ही व्हिडिओत बघता ते सगळे प्रकार, म्हणजे ॲक्सल, फेड, टर्टल, लेझी सुसान, बॅकस्पिन, दोरी सैल असतानाच होतात. पतंग क्षणभर मोकळा सोडायचा, एक छोटासा ठुमका द्यायचा आणि लगेच हात पुढे करून त्याला फिरायला जागा द्यायची. युरोप-अमेरिकेतल्या नवशिक्यांना ही ढील द्यायची हिंमत यायला महिने जातात. त्यांना वाटतं दोरी सैल झाली म्हणजे पतंग गेला. आपल्याला ढिलीची भीती मुळात नसतेच. ही ती दोन पावलं.

मागे असलेलं पाऊल म्हणजे आपली खेच. पेचात आपण खांद्यापासून हात मारतो, सपासप. इथे तसं केलं की पतंग वेड्यासारखा पळतो, ट्रिक अर्ध्यात मोडते आणि बहुतेक वेळा नाक जमिनीत. इथला ठुमका मनगटाचा, वीतभराचा. दाराची कडी वाजवतो तेवढा.

ही जात कुठून आली ते दोन ओळींत सांगतो, कारण लोक विचारतात. दुसऱ्या महायुद्धात स्मिथसोनियनमधले पॉल गार्बर अमेरिकन नौदलात होते. तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी त्यांनी एक पतंग केला. त्याला सुकाणू होतं आणि तो दोन दोऱ्यांनी विमानासारखा सूर मारत, वळत असे. नंतर 1970च्या दशकात इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी लांब शेपटीचा, दोन दोऱ्यांचा पतंग घरोघर पोचवला. आज दिसणारा त्रिकोणी, कार्बनच्या दांड्यांचा आणि बिनशेपटीचा पतंग त्यानंतरचा. ट्रिकांसाठी म्हणून मुद्दाम पतंग बनायला लागले ते 1990च्या दशकात.

कुठला घ्यायचा? तुमचा सव्वा मीटरचा फेकू नका, पण त्याच्याकडून ट्रिकांची अपेक्षाही ठेवू नका. लहान पतंग प्रत्येक हालचालीला फार लवकर उत्तर देतो. डोळा, मेंदू, हात एवढा फेरा पूर्ण व्हायच्या आत तो जमिनीवर असतो. ट्रिक शिकायला मोठा पतंग लागतो, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत सव्वादोन ते अडीच मीटरचा. मोठा पतंग हवेत सावकाश वळतो, आणि कुठे चुकलं ते तुम्हाला दिसतं. हे ऐकायला उलटं वाटतं. नवशिक्याला छोटा द्यावा असंच सगळ्यांना वाटतं आणि दुकानदारही तसंच सांगतो. खेळण्यापुरता ठीक आहे, शिकण्यापुरता नाही.

मग दांड्या. स्वस्त पतंगात भरीव फायबरग्लासच्या असतात: जड, लवचिक, आणि आपल्याकडच्या मंद वाऱ्यात पतंगाला वर राहू न देणाऱ्या. ट्रिकसाठी पोकळ कार्बन हवा. मोठा पतंग पूर्ण जोडून साधारण पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅमपर्यंत भरतो. त्याच मापाचा कोणी अर्ध्या किलोचा दाखवला तर हात जोडून पुढे जा. कापड रिपस्टॉप नायलॉन किंवा पॉलिएस्टर असावं. हातात घेतल्यावर कागदासारखं कुरकुर वाजणारं चांगलं, छत्रीसारखं मऊ पडणारं नको. पाठीमागे कापडाला दांडीपासून दूर ढकलून ठेवणाऱ्या बारीक काड्या असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. त्या नसतील तर तो ट्रिकचा पतंग नव्हे. खालच्या काठाची आतली दोरी, शेपटीकडचं छोटं वजन आणि पंखावरचे दोरी अडकवायचे खटके, म्हणजे यो-यो स्टॉपर, हे तीन असले तर बनवणाऱ्याला ट्रिक ठाऊक आहेत असं समजा. यो-यो म्हणजे पतंग आपल्याच दोऱ्यांत गुंडाळला जाऊन परत उलगडतो तो प्रकार. तो तुम्हाला दोन वर्षांनी लागेल, पण खटके आधीपासून असू द्या.

नावं विचारलीत म्हणून: सिएटलच्या प्रिझम कंपनीचा क्वांटम हा शिकण्यासाठी मला सगळ्यात समंजस पतंग वाटतो. आपटला तरी सहन करतो, ॲक्सल आणि फेड दोन्ही देतो. ज्याला आधीच दोन दोऱ्यांचा हात आहे त्याने पुढचे, खास ट्रिकचे पतंग बघावेत. नवशिक्याच्या हातात ते अडेल घोड्यासारखे वागतात, सरळ रेषेत जायलाच तयार नसतात. किमती शंभर डॉलरच्या पुढेच सुरू होतात, वर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी. त्यामुळे परदेशातून कोणी घरचं माणूस येत असेल तर त्याच्याकडून मागवा. पतंग मोडून पिशवीत बसतो, पण ती पिशवी लांब असते. मागवण्याआधी तेवढी मोठी बॅग आहे ना, ते त्याला विचारा. माझ्या मेहुण्याने एकदा ती बगलेत धरून तीन विमानतळ पार केले. अजून ऐकवतो.

दोरीबद्दल काटकसर करू नका. सुती मांजा इथे चालत नाही, मासेमारीचा नायलॉनही नाही. नायलॉन रबरासारखा ताणला जातो, तुमचा ठुमका दोरीच गिळून टाकते आणि पतंगापर्यंत पोचतच नाही. डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या नावाने मिळणारी विणलेली दोरी घ्या, पंचवीस ते तीस मीटरच्या दोन. मोठ्या पतंगाला साध्या वाऱ्यात शंभर ते दीडशे पौंडांचा ताण सोसणारी, मंद वाऱ्यात त्याहून बारीक. ती इतकी गुळगुळीत असते की पतंगाने एकाच बाजूला चार-पाच गिरक्या घेऊन दोऱ्यांना पीळ बसला तरी हँडल चालत राहतं. ती फिरकीवर कधी गुंडाळू नका, प्रत्येक फेऱ्यागणिक पीळ चढतो. लहानपणी कापलेली दोरी आपण अंगठा आणि करंगळीवर आठाच्या आकारात गोळा करायचो ना? अगदी तसंच, चपट्या पट्टीवर आठ काढत गुंडाळायचं.

किन्न्याकडे वळतो. देशी पतंगाचा किन्ना बांधणारा माणूस ढड्ढ्यावरची (मधल्या उभ्या काडीवरची) भोकं बोटाने मोजतो आणि वरचा पाय किती, खालचा किती ते गेंडीगेटच्या दुकानात उभ्याउभ्या ठरवतो. इथेही विचार तोच आहे, फक्त दोन्ही पंखांना वेगवेगळा, तीन पायांचा किन्ना असतो आणि दोरी अडकवायची गाठ त्यावर वर-खाली सरकते. गाठ नाकाकडे सरकवली की पतंग वाऱ्यात जास्त सपाट बसतो, हातावरची ओढ कमी होते आणि तो मंद वाऱ्यात चालतो. खाली सरकवली की ओढ वाढते, वळण घट्ट होतं आणि थांबवणं सोपं जातं. एका वेळी तीन ते पाच मिलिमीटर, त्याहून जास्त नाही, आणि दोन्ही बाजूंना सारखंच. कंपनीने दिलेल्या जागेवर आधी बॉलपेनने खूण करून ठेवा. खूण न करता सरकवत बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत स्वतःवरच चिडलेला असतो.

बडोद्यात केव्हा आणि कुठे? जानेवारी विसरा. जानेवारीत आपल्याकडे उत्तरेचा, ईशान्येचा वारा असतो. गच्चीवरून वर चढलेल्या कागदी पतंगाला तो पुरतो, पण जमिनीपासून वीस-पंचवीस मीटरच्या आत, घरा-झाडांच्या आडोशाला त्याचे तुकडे झालेले असतात. दोन दोऱ्यांचा पतंग तेवढ्याच उंचीत खेळतो, वर जाऊन चांगला वारा शोधायची सोय त्याला नाही. आपला खरा मोसम मे-जून. पावसाआधी नैर्ऋत्येचा वारा धरतो. दुपारी तो उन्हाने उसळत, धक्के देत येतो, पण संध्याकाळी पाचनंतर एकसारखा होतो. गालाला स्पष्ट जाणवेल, झाडांची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतील, छोटा झेंडा पसरेल एवढा वारा उत्तम. ताशी बारा ते अठरा किलोमीटर म्हणा. पंचवीसच्या वर गेला की शिकणाऱ्याने घरी जावं.

जागा मोकळी हवी, आणि मोकळी म्हणजे वारा येतो त्या बाजूने. नवलखी मैदान रिकामं असेल तेव्हा बरं आहे. पोलो ग्राउंडवर क्रिकेटवाल्यांच्या आधी पोचलात तर जमेल. अडथळ्याच्या उंचीच्या सात ते दहा पट अंतरापर्यंत वारा घुसळलेला असतो, हा हिशेब डोक्यात ठेवा. दहा मीटरच्या झाडांची रांग असेल तर तिच्यापासून शंभर मीटर पुढे उभे राहा. महीच्या काठाला, सिंधरोटकडे, वारा स्वच्छ मिळतो. पाण्यात मात्र पतंग पडला तरी उतरायचं नाही. विश्वामित्रीच्या काठावर पडला तर तो मगरींना अर्पण करून टाका. हे विनोदाने लिहिलेलं नाही. हरणी विमानतळाच्या आसपास उडवू नका. आणि वर्षातून एकदा तरी वलसाडजवळ तिथलला किंवा सुरतेच्या डुमसला ओहोटीची वेळ बघून जा. समुद्रावरून आलेला वारा लोण्यासारखा असतो. बडोद्यात जे महिन्यात जमलं नाही ते तिथे एका संध्याकाळी जमतं. परत आल्यावर दांड्यांच्या तोंडातली वाळू ओल्या फडक्याने काढा, नाहीतर ती कार्बन खाते.

आता शिकणं. पहिले दहा-बारा तास ट्रिकचं नावही काढू नका. पट्टे जमिनीत खुपसलेल्या स्क्रू-ड्रायव्हरला अडकवा, पतंग पंखांच्या दोन टोकांवर, किंचित मागे रेलून उभा करा आणि दोऱ्या ताठ ठेवा. मग हातात पट्टे घेऊन दोन्ही हात सारखे खाली-मागे आणा आणि एक पाऊल मागे टाका. पतंग उठेल. हात कमरेजवळ, कोपरं अंगाला. छातीसमोर हात धरून उभा असलेला माणूस पुढे ढील देणार कुठून? हात आधीच पुढे आहेत. आणि पाय हलवा. गच्चीवर आपल्याला कठडा असतो, त्यामुळे पाय रोवून फक्त हातांनी खेळायची सवय लागते. इथे दोन पावलं पुढे गेलं की ढील, दोन पावलं मागे आलं की ताण. निम्मा खेळ पायांचा आहे. गच्चीवरून हा पतंग उडवू नये याचं पहिलं कारण हेच.

आधी आडव्या रेषा काढा, जमिनीला समांतर, डोक्याच्या उंचीवर. मग चौकोन, कोपरे टोकदार. मग वाऱ्याच्या खिडकीच्या, म्हणजे तुमच्यासमोर पतंग जिथे उडू शकतो त्या पट्ट्याच्या, कडेला पतंग नेऊन तिथे त्याची ओढ कशी मरते ते अनुभवा. समोर मध्यभागी ओढ सर्वांत जास्त, डाव्या-उजव्या कडेला आणि डोक्यावर सर्वांत कमी. ट्रिक बहुतेक मध्य आणि कड यांच्या दरम्यान, ओढ निम्मी झालेली असते तिथे करतात.

पहिली खरी पायरी स्टॉल, म्हणजे पतंग हवेत उभा थांबवणं. तो डावीकडून उजवीकडे आडवा चाललाय असं धरा. नाक उजवीकडे, डावा पंख वर. वरच्या पंखाची, म्हणजे डावी दोरी झटक्यात ओढा: नाक आकाशाकडे वळतं. ते पूर्ण वर यायच्या क्षणी उजवीने हलकेच अडवा आणि लगेच दोन्ही हात थोडे पुढे सोडा. पतंग नाक वर करून, दोन्ही टोकं खाली ठेवून तरंगत उभा राहतो. दोन सेकंद राहिला तरी पुष्कळ. हे दहापैकी सात वेळा जमेपर्यंत पुढे जाऊ नका. ॲक्सल येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या बहुतेकांना खरं तर स्टॉल येत नसतो.

ॲक्सल जवळून दाखवतो. पतंग स्टॉलमध्ये आहे, पण पूर्ण सरळ नाही, एक पंख दुसऱ्यापेक्षा किंचित वर आहे. एक पाऊल पुढे टाका. दोऱ्यांना झोळ आला पाहिजे. तारेवर वाळत घातलेली साडी मधे जेवढी खाली येते तेवढा झोळ नको, पण दोरी सरळ रेष राहिली नाही एवढं डोळ्याला दिसलं पाहिजे. आता वर असलेल्या पंखाच्या हाताने एक ठुमका. दोरीतला झोळ संपतो, टक् असं काहीतरी हाताला जाणवतं, आणि त्याच क्षणी दोन्ही हात पतंगाकडे फेका, बॉल हळूच पुढे लोटल्यासारखे. पतंग पोटावर आडवा पडतो, जमिनीला समांतर, आणि चक्कीच्या पाळ्यासारखा एक पूर्ण फेरा घेतो. फेरा संपताना नाक पुन्हा वर येतं. तेव्हा दोन्ही दोऱ्या अलगद उचलून घ्या.

चुका तीनच. ठुमका दिल्यावर हात मागेच राहिला: पतंग अर्ध्यात अडकून वळसा घेतो आणि पळतो. सगळ्यांची पहिली चूक ही, आणि ती पेच लढवणाऱ्यांची जास्त, कारण आपला हात मागे गेला की मागेच राहायला शिकलेला आहे. दुसरी, ठुमक्याच्या आधी ढीलच नव्हती: पतंग फिरत नाही, नुसता वळतो. तिसरी, ठुमका फार जोराचा: पतंग दोन फेरे घेऊन दोरी पंखाच्या टोकात अडकवून खाली येतो. तिसरी चूक करणारा माणूस लवकर शिकतो असा माझा अनुभव आहे.

यानंतर टर्टल. स्टॉलमध्ये असताना दोन्ही दोऱ्या किंचित ओढा आणि एकदम पुढे सोडा. पतंग मागे कलंडून पाठीवर पडतो, नाक तुमच्यापासून लांब. पालथ्या कासवाला उलटं केल्यासारखा दिसतो, नाव त्यावरूनच. घाबरू नका, हवेत तो अशा अवस्थेत बराच वेळ तरंगतो. या अवस्थेत एक दोरी नाजूकपणे ओढून लगेच दोन्ही सोडल्या की तो पाठीवरच गोल फिरतो, ती लेझी सुसान. इथे ठुमकाही नको, मुलाच्या अंगावरचं पांघरूण सरकवतो तेवढी ओढ पुरे. फेड याच्या उलट: पतंग पाठीवर, पण नाक तुमच्याकडे. खाली सूर मारत असताना दोन्ही दोऱ्यांना एकत्र ठुमका आणि मग ढील, असा तो साधतो. मला पहिला फेड साधायला दोन उन्हाळे गेले. बॅकस्पिन, कॅस्केड, जेकब्स लॅडर ही सगळी याच तीन-चार अवस्थांची साखळी आहे, त्यांची आत्ता काळजी नको.

मोडतोडीबद्दल थोडं. सर्वांत आधी खालची आडवी दांडी मोडते, नाकावर आपटल्यावर. एक जादा घेऊन ठेवा. कार्बनची नळी छंदाच्या सामानाच्या दुकानांत मिळते. बाहेरचा आणि आतला व्यास दोन्ही मोजून मागा, नाहीतर जोडणीत बसत नाही. कापताना बारीक दातांची पाती, तोंडावर मास्क, आणि कडेला सुपरग्लूचा थेंब, म्हणजे धागे सुटत नाहीत. कापडाचा चिरा रिपस्टॉप टेपने दोन्ही बाजूंनी. आपटतोय हे दिसलं की मागे ओढू नका, पुढे धावा. ढिली दोरी म्हणजे हलका आपट. हे एक वाक्य आरशावर चिकटवलं तरी दांड्यांचे पैसे वाचतील.

आता त्या 'नाही'चं कारण. डायनिमा मजबूत आहे, पण साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळते. तिच्यावरून दुसरी दोरी घासत गेली की घर्षणाच्या उष्णतेनेच तुटते, काचेच्या मांज्याची तर गोष्टच सोडा. काही वर्षांपूर्वी वासी उत्तरायणाला, म्हणजे उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, मी हौसेने मैदानात गेलो होतो. कुठूनतरी कापून आलेल्या पतंगाची लोंबती दोरी माझ्या उजव्या दोरीवर आडवी पडली. मी बघतोय तोवर ती सरकली, आणि उजवा हात एकदम हलका झाला. एका दोरीवरचा मोठा पतंग म्हणजे भोवरा. तो गोल गोल फिरत एका रिक्षाच्या टपावर उतरला. रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "काका, काप्यो छे!" मला काही बोलताच आलं नाही.

हे झालं आपलं नुकसान. दुसऱ्याचं त्याहून मोठं होऊ शकतं. मोठा पतंग वेगात असताना त्याची ताठ दोरी कोणाच्या गळ्याला किंवा कानाला लागली तर चिरते, काच नसली तरी. दोरीची लांबी अधिक पाच-सात मीटर एवढ्या अर्धवर्तुळात माणूस, गाय, सायकल काही नको. मुलं कुतूहलाने पतंगाकडे धावतात, त्यांना आधीच तुमच्या पाठीमागे उभं करा. विजेच्या तारांपासून लांब राहा, कार्बनमधून वीज जाते. जूनमध्ये ढग गडगडायला लागले की ट्रिक अर्धवट टाकून पतंग खाली. शिवाय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2017च्या आदेशात पतंगासाठी नायलॉन आणि इतर सिंथेटिक दोरीला मनाई आहे, आणि आपली दोरीही सिंथेटिकच. तिला काच नाही, ती तुटून झाडावर लोंबत राहत नाही, पेच हा तिचा हेतूच नाही, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. संक्रांतीच्या आठवड्यात बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसाला ते समजावत बसू नये. एरवीही तुटलेला एकेक वाव गोळा करून घरी आणा, पक्ष्यांच्या पायात तो तसाच अडकतो.

तेव्हा तुमचा पतंग मेपर्यंत थांबू द्या. तोवर दोरी मोजा, किन्न्यावर खूण करा आणि घरात दोन पट्टे दाराच्या कडीला बांधून मनगटाचा ठुमका आणि लगेच हात पुढे, एवढंच रोज पाच मिनिटं करा. बायको विचारेल काय चाललंय. माझीने विचारलं होतं. चौदा तारखेला ती फिरकी धरते, मी गेंडीगेटहून आणलेले साधे कागदी पतंग चगवतो, आणि दोन दोऱ्यांची लांब पिशवी कपाटावर धूळ खात पडलेली असते.